जाहिरातीचे ईमेल आणि स्पॅमविरोधी नियम

व्यावसायिक ईमेल कोणाला, कोणत्या परवानगीने आणि कशा स्वरूपात पाठवावेत हे ठरवणारे कायदे व त्यांचे पालन. व्यवसाय छोटा असला म्हणून त्यातून सुटका होत नाही. अमेरिकेचा २००३चा कॅन-स्पॅम कायदा केवळ घाऊक ईमेलना नव्हे, तर एकट्यादुकट्या जाहिरातीच्या ईमेललाही लागू होतो. कंपनीने कंपनीला पाठवलेली जाहिरातही त्यात येते.

देशोदेशीच्या कायद्यांतला मुख्य फरक परवानगीचा आहे. अमेरिकेत आधी संमती घेणे बंधनकारक नाही. मात्र पाठवणाऱ्याची खरी ओळख, दिशाभूल न करणारा विषय, टपालाचा पत्ता आणि नाव काढून घेण्याची सोय हवी. पूर्वी कधीच पत्रव्यवहार झालेला नसताना विषयात ‘रे:’ लिहून उत्तराचा आभास निर्माण करणे ही दिशाभूलच. कॅनडात आधी संमती लागते. खरेदी केलेल्या ग्राहकाची संमती दोन वर्षे, तर नुसती चौकशी करणाऱ्याची सहा महिने गृहीत धरता येते. संमती होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची असते. युरोपीय संघातही व्यक्तींना जाहिरात पाठवण्याआधी संमती घेणे हाच सर्वसाधारण नियम आहे आणि फॉर्मवर आधीच टिक केलेली चौकट संमती ठरत नाही. म्हणूनच पत्ता कधी, कुठून आणि कशासाठी मिळाला ही नोंद पत्त्याइतकीच जपावी लागते. विकत घेतलेल्या यादीत नेमकी तीच नसते.

छोट्या व्यवसायांची खरी अडचण होते ती ‘अनसबस्क्राइब’पाशी, म्हणजे यादीतून नाव काढण्याच्या विनंतीपाशी. अमेरिका व कॅनडात अशी विनंती कामकाजाच्या दहा दिवसांत, ऑस्ट्रेलियात पाच दिवसांत अमलात आणावी लागते. अमेरिकेत त्यासाठी शुल्क घेता येत नाही, की ईमेल पत्त्यापलीकडे वैयक्तिक माहिती मागता येत नाही. यादीतून नाव नुसते खोडून भागत नाही: काही महिन्यांनी जुनी एक्सेल फाइल पुन्हा अपलोड केली की तोच पत्ता परत येतो आणि नको म्हणालेल्या माणसाला पुन्हा जाहिरात जाते. म्हणून ‘पाठवू नये’ अशी वेगळी यादी ठेवून प्रत्येक नवी यादी तिच्याशी ताडून पाहणे हाच भरवशाचा उपाय. काम बाहेरच्या एजन्सीला दिले तरी ज्याच्या मालाची जाहिरात आहे तो जबाबदारीतून सुटत नाही.

पावती, ऑर्डर रवाना झाल्याची सूचना असे व्यवहाराचे ईमेल बहुतेक अटींतून वगळले आहेत. पण पावतीच्या डोक्यावरच सवलतीची जाहिरात चढवली तर अटींतून मिळालेली ही सूट धोक्यात येते.

कायद्याखेरीज मेलसेवांचेही नियम आहेत. फेब्रुवारी २०२४पासून गूगल व याहू यांनी पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या एसपीएफ व डीकिम या तंत्रांपैकी किमान एक आणि, मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांसाठी, ही दोन्ही तंत्रे, ओळख न पटलेल्या ईमेलचे काय करावे हे सांगणारे डीमार्क व एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय आवश्यक केली. स्पॅमच्या तक्रारींचे प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवावे लागते. इनबॉक्समध्ये पोचलेल्या हजार ईमेलमागे तीन तक्रारी आल्या तरी ही मर्यादा गाठली जाते.