कोबी-फ्लॉवरचा बेवड (आधीच्या पिकाचा रानावरचा परिणाम): तीन वर्षांचा आकडा आला कुठून आणि मोहरीचं करायचं काय

कोबीवर कोबी घेऊ नये, हे कराड-वाळव्याकडं कुणाला सांगावं लागत नाही. वाद आहे तो मध्ये किती खंड सोडायचा यावर, कारण तीन-चार वर्षं सोडा असं सांगतात, आणि त्याहून जास्त मोहरीवर, ती दोन कोबींच्या मध्ये घ्यावी की नाही यावर.

लांबचा इतिहास थोडक्यात. फ्लॉवर आपल्या देशात १८२२ ला इंग्लंडहून आलं, तेही सहारनपूरला. आपल्या शाळू-हरभरा, बाजरी-मटकीच्या जुन्या पद्धतीत या पिकांना जागाच नव्हती, म्हणून वाडवडिलांचा असा काही नियमही नाही. तीन-चार वर्षांचा नियम आला तो थंड मुलखातून. इंग्लंडात १८ व्या शतकात गहू, टर्निप, जव, क्लोव्हर असं चार वर्षांचं चक्र बसलेलं, आणि टर्निप हे कोबीच्याच घराण्यातलं. तिकडं मुळांवर गाठी आणणारा रोग फार. रशियातल्या एका अभ्यासकानं १८७८ ला त्याचं कारण शोधून काढलं. त्याचे बीजाणू जमिनीत १५-२० वर्षंसुद्धा तग धरतात, त्यामुळं लांबचा खंड सोडणं तिथं भागच होतं.

तोच आकडा आपल्याकडं जशाच्या तसा चिकटला. पण गाठीचा रोग आम्लधर्मी, थंड, पाणी धरणाऱ्या जमिनीत माजतो, आणि कृष्णाकाठची काळी जमीन बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर सामूची. इथला खरा त्रास घाण्याचा, म्हणजे पानाच्या कडेनं इंग्रजी व्ही सारखा पिवळा डाग, मग शिरा काळ्या आणि शेवटी गड्डा सडून वास. त्याचा जिवाणू कुजल्या नाहीत अशा पानात-दांड्यात राहतो, अवशेष पूर्ण कुजले की नुसत्या मातीत फार दिवस टिकत नाही. आपल्या उन्हात रोटर मारून खोडकं गाडली तर ती लवकर कुजतात, म्हणून काळ्या रानात दोन वर्षांचा खंड पुरतो असं माझं मत. पाटण-जावळीकडच्या तांबड्या, पावसानं धुतलेल्या आम्ल जमिनीला मात्र हे मी लावणार नाही.

पूर्वी भाजी विहिरीपुरती आणि थंडीतली, रान आपोआप पालटायचं. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांचं पाणी टप्प्याटप्प्यानं आलं, मग ठिबक, मल्चिंग, ट्रेमधली रोपं, आणि कोबी बारमाही झाली. गंमत म्हणजे ज्यांच्याकडं ऊस होता त्यांची फेरपालट नकळत झाली, लागण आणि वर एक-दोन खोडवे (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून घेतलेलं पीक) म्हटलं की अडीच-तीन वर्षं गेलीच की. मार खाल्ला तो नुसत्या भाजीवाल्यांनी. कोबी काढली की फ्लॉवर, मग नवलकोल नाहीतर मुळा, आणि म्हणायचं पीक बदललं! घराणं तेच राहिलं ना.

आता मोहरी. चौकोनी ठिपक्याच्या पतंगावर, म्हणजे ज्याची अळी कोबीची पानं खाते त्यावर, औषधं एकामागून एक फेल गेली, जावामध्ये १९५० च्या दशकातच डीडीटी लागू पडेना आणि पुढं आपल्याकडंही तेच. मग बंगळूरकडच्या प्रयोगांतून १९९० च्या सुमाराला सापळा पीक पुढं आलं. कोबीच्या दर २५ ओळींमागं मोहरीच्या दोन ओळी, एक लागणीआधी १५ दिवस आणि दुसरी नंतर २५ दिवसांनी पेरायची, म्हणजे कोवळी मोहरी कायम हजर आणि पतंग अंडी तिच्यावर घालतो. त्यापाठोपाठ ऑस्ट्रेलियातून १९९३ पासून दुसरी गोष्ट आली, मोहरी फुलोऱ्यात चिरडून गाडली की तिच्यातल्या उग्र वासाच्या वायूनं जमिनीतली बुरशी, सूत्रकृमी कमी होतात. झालं, मोहरी दोन्हीकडून चांगली ठरली आणि लोक दोन कोबींच्या मध्ये तिचंच हिरवळीचं खत करायला लागले.

इथंच घोळ आहे. घाण्या मोहरीवरही येतो, पतंगालाही ती चालते, आणि शेंगा फुटून सांडलेलं बी पुढच्या पावसात उगवतं ते वेगळंच. दोन ओळींची मोहरी कोबीच्याच हंगामात धरली तर काही बिघडत नाही, फक्त ती शेंगा धरायच्या आत उपटायची आणि तिच्यावरच्या अळीचा बंदोबस्त वेळेवर करायचा, नाहीतर आपणच अळी पाळली. पण मधल्या वर्षात मोहरी म्हणजे खंड पडलाच नाही. त्यापेक्षा ताग नाहीतर धैंचा गाडा.

मध्ये काय घ्यायचं तर हरभरा, मका, शाळू, कोरेगावकडं घेवडा. कांद्याबाबत एक बारीक गोष्ट आहे. मायकोरायझा म्हणजे मुळांना स्फुरद मिळवून देणारी उपयोगी बुरशी. कोबीवर्गाच्या मुळांशी तिचं जमत नाही, तिची संख्या घटते, आणि कांदा स्फुरद उचलायला तिच्यावरच भिस्त ठेवतो. म्हणून कोबीमागं लगेच कांदा सुरुवातीला दबल्यासारखा दिसू शकतो.

पतंग उडून येतो तेव्हा एकट्यानं रान पालटून तो थांबत नाही, शेजारी कोबी उभी असली की तुमच्याकडं आलाच. आणि अलीकडं भाड्यानं रान घेऊन भाजी करणारे वाढलेत, मागच्या दोन वर्षांत त्या रानात काय होतं ते मालकाला विचारल्याशिवाय व्यवहार ठरवू नये. रान स्वच्छ निघालं तरी घाण्या बियाण्यातूनही येतो, तेव्हा रोपवाटिकेत बी ५० अंशाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून पेरलं होतं का तेवढं विचारून घ्या.