निब बदलली, पेन रुसलं

शाईचं पेन हातातून निसटलं की तोंडावरच पडतं. हा काही विज्ञानाचा नियम नाही, पण फरशीवर पेन पाडलेल्या कुणालाही विचारा. वडिलांचं काळं एबोनाइटचं पेन एप्रिलच्या शेवटी माझ्या हातून असंच पडलं आणि निबची दोन्ही पाती कात्रीसारखी एकमेकांवर चढली. नखाने दाबून ती सरळ केली खरी, पण एका पात्याच्या टोकावरचा चकचकीत दाणा उडालेला होता. दाणा गेला की निब संपली.

कागदावर घासतो तो हा दाणाच, पातं नव्हे. १८३४ च्या सुमारास जॉन आयझॅक हॉकिन्स याने सोन्याच्या निबच्या टोकाला ऑस्मियम-इरिडियमचे नैसर्गिक कण जोडले, तेव्हापासून ही पद्धत आहे. आज बाजारातल्या कितीतरी निबांवर ‘इरिडियम पॉइंट’ असं कोरलेलं असतं. आत पाहिलं तर बहुधा टंगस्टन, रुथेनियम, ऑस्मियम अशांचं मिश्रण निघतं, इरिडियम नावालाच. सोन्याचंही थोडंफार तसंच. जुनी शाई मायफळ आणि हिराकस यांची, आम्लधर्मी. साधं पोलाद ती खाऊन टाकायची, म्हणून सोनं लागायचं. आता स्टेनलेस स्टील आहे आणि रोजची शाईही सौम्य आहे. १४ कॅरटच्या निबचे पैसे हौसेपोटी जरूर मोजावेत, गरज म्हणून नकोत.

तर, मोडकी निब काडेपेटीत घालून भर दुपारी नागपूरच्या बाजारात, बर्डीला गेलो. गल्लीतल्या जुन्या दुकानदाराने काडेपेटी उघडून पाहिली आणि बंद करून परत दिली.

“पेन कुठं आहे जी?”

“घरी. निब आणली आहे ना. सहा नंबरची आहे.”

“नंबर सोडा. पेन घेऊन या.”

धरमपेठेतून पुन्हा यायचं म्हणजे मे महिन्याच्या तोंडावर शिक्षाच. चरफडत गेलो आणि आलो. त्याचं बरोबर होतं, हे मला नंतर कळलं.

निबांना पाच, सहा असे नंबर असतात. ढोबळमानाने पाच नंबरची निब साधारण ५ मिलिमीटर जाडीच्या फीडवर बसते आणि सहा नंबरची ६ ते साडेसहा मिलिमीटरच्या. फीड म्हणजे निबच्या पोटाखालचा खाचा पाडलेला काळा दांडा. आमच्या घरी त्याला जीभ म्हणायचे. पण हे नंबर चपलांच्या मापांसारखे आहेत. प्रत्येक कारखान्याचा सहा थोडा वेगळा असतो. खांद्यांची वक्रता, बुडाची लांबी, पत्र्याची जाडी, यांतलं काहीच त्या आकड्यात नसतं. जर्मनीतल्या योवो आणि बॉक या दोन मोठ्या निब कारखान्यांचे सहा नंबरचे पत्रे बरेचदा एकमेकांच्या फीडवर चालून जातात. मात्र निब, फीड आणि आट्यांची कॉलर असा अख्खा जोड बदलायला जाल तर आटेच जुळत नाहीत. लामी सफारी या पेनाचं त्या मानाने सोपं आहे. निबला चिकटपट्टी लावून सरळ पुढे ओढायची, ती घसरून हातात येते आणि त्याच घराण्यातल्या दुसऱ्या पेनावर बसते.

आपल्याकडची एबोनाइटची पेनं बहुतेक दाबून बसवलेल्या निबची असतात. दुकानदाराने सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा घेतला, पेनात उरलेलं फीड त्यात चिमटीत धरलं आणि न पिळता सरळ ओढून काढलं. मग प्लास्टिकच्या डब्यातून चार निबा एकामागून एक फीडवर ठेवून उजेडासमोर धरल्या. तिसरी त्याने बाजूला काढली. घरी येऊन मी ती बसवली, शाई भरली आणि लिहायला घेतलं. दोन शब्द उमटले आणि पेन कोरडं पडलं. झटकलं की पुन्हा दोन शब्द.

निब नवी, फीड धुतलेलं, शाई ताजी. मग अडलं कुठे?

पेनातली शाई वजनाने खाली येते असं आपल्याला वाटतं. तसं असतं तर सगळी शाई एकदम कागदावर आली असती. वर बंद टाकी आहे, शाई बाहेर पडायची तर तितकीच हवा आत जायला हवी. फीडमधल्या वाटा ही देवाणघेवाण जमवतात. ल्यूइस वॉटरमन याच्या १८८४ च्या पेटंटचा गाभा हाच होता. टाकीतून टोकापर्यंत शाईला नेते ती केशाकर्षणाची ओढ, आणि ही ओढ फटीच्या रुंदीवर ठरते. काचेच्या दोन स्वच्छ पट्ट्या ०.१ मिलिमीटर अंतरावर समोरासमोर पाण्यात उभ्या धरल्या तर पाणी मधल्या फटीत सुमारे १५ सेंटिमीटर चढतं. अंतर १ मिलिमीटर केलं की दीड सेंटिमीटरवर थांबतं. द्रव नेहमी रुंद फटीकडून अरुंद फटीकडे ओढला जातो. म्हणून निबची चीर निबमधल्या छिद्राकडे किंचित रुंद आणि टोकाशी जवळजवळ मिटलेली असते. शाईला हीच वाट उतारासारखी.

आता या वाटेत मध्येच एक रुंद फट आली तर? माझ्या निबला घड्याळवाल्याचं भिंग लावून बाजूने पाहिलं, तर निबचं पोट आणि फीड यांच्यामध्ये खिडकीच्या फटीसारखा उजेड दिसत होता. नव्या निबची कमान जुनीपेक्षा जराशी उंच होती. शाई फीडच्या खाचेपर्यंत यायची, पुढची फट रुंद म्हणून तिथेच थबकायची.

एबोनाइटचा मोठा गुण इथे कामी आला. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. उकळी उतरलेल्या पाण्यात ते मऊ पडतं आणि गार झाल्यावर दिलेला आकार धरून ठेवतं. पेनमधली शाई काढून मी फक्त निबचा भाग मिनिटभर कढत पाण्यात बुडवला, बाहेर काढून अंगठ्याने निब फीडवर दाबली आणि तशीच धरून ठेवली. बोट चांगलंच भाजलं. दोनदा केल्यावर उजेड दिसायचा बंद झाला आणि पेन लिहू लागलं. प्लास्टिकच्या फीडचं मन असं सहज वळत नाही. तिथे दुसरी निब शोधणं बरं.

पेन लिहू लागलं खरं, पण मे उजाडला. माझ्या पेनात नळी नाही, शाई थेट नळकांड्यात भरायची. शाई अर्धी संपली की वर हवा साठते. सकाळी २५ अंशांत भरलेलं पेन स्कूटरच्या डिकीत ४५ अंशांपर्यंत तापलं, तर कोरडी हवा सहा-सात टक्के फुगते, आणि शाईतून निघणारी वाफ धरली तर त्याच्या जवळपास दुप्पट. आत २ मिलिलिटर हवा असेल तर चार-पाच थेंब शाई बाहेर ढकलायला एवढं पुरतं. इतर गावी हाताच्या उबेने असलं पेन ओकतं म्हणतात. नागपूरच्या मे महिन्यात हात हवेपेक्षा गार असतो, तो दोषी नाही. उपाय साधा आहे: टाकी काठोकाठ भरा, किंवा अर्धी झाली की लगेच पुन्हा भरा, आणि पेन उभं ठेवा. टोपण मात्र घट्ट लावा, नाहीतर या कोरड्या हवेत निबवरची शाई बोलता बोलता वाळते. कूलरसमोर बसलात तर उलटंच होतं. कागद सादळतो आणि अक्षरं फुटतात.

परवा शाईची बाटली घ्यायला पुन्हा बर्डीला गेलो, या वेळी पेन खिशात होतं. दुकानदाराने ते उघडून रद्दीच्या कागदावर आडवे आठाचे आकडे काढले, एकावर एक. ओळ जाड आणि चकचकीत आली.

“शाई जास्त सोडून राहिला जी पेन. चीर थोडी मिटवून देऊ?”

मी नको म्हटलं. २५ अंशांच्या मानाने ४५ अंशांना पाण्याची चिकटता एक तृतीयांशाने कमी होते. पाण्यावर बनलेल्या शाईचंही तेच, म्हणून उन्हाळ्यात ती जास्त वाहते. आत्ता चीर मिटवली आणि जुलैत पेन पुन्हा दोन शब्दांवर थांबलं तर? पहिला पाऊस पडू दे, मग पाहू, असं सांगून बाटली घेतली.