प्राँगहॉर्नला उडी मारता येत नाही?

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या माळरानावर धनुष्यबाण घेऊन पहिल्यांदाच शिकारीला उतरणाऱ्याला हमखास ऐकवलं जातं, की प्राँगहॉर्नला, म्हणजे तिथल्या हरणासारख्या दिसणाऱ्या चपळ प्राण्याला, उडी मारता येत नाही, त्याला कुंपणाच्या कोपऱ्यात कोंडा. साफ चूक. उडी त्याला येते, क्वचित मारतोही. पण मोकळ्या गवताळ प्रदेशात घडलेल्या या प्राण्याची सारी मदार ताशी 80 किलोमीटरहून जास्त वेगावर. उंच उडीची त्याला सवयच नाही. म्हणून तो तारेखालून सरपटतो, तेही बहुतेक ठरलेल्या जागी. खालच्या काटेरी तारेला अडकलेले ठिसूळ केस आणि घासून गुळगुळीत झालेली माती शोधा. जमीनमालकाला विचारून, तिथून 25-30 यार्डांवर आडोसा उभारा. तो तारेखाली वाकलेला असताना बाण सोडायचा मोह होतोच, आवरा. बाहेर येऊन आडवा उभा राहू द्या.