दोहनयंत्राचे प्रात्यक्षिक (खानदेश)

दोहनयंत्राचे प्रात्यक्षिक : कृषी महाविद्यालयाच्या पशुसंवर्धन व दुग्धशास्त्र विभागात यंत्राने धार काढण्याचे दिले जाणारे शिक्षण. खानदेशात कृषी शिक्षणाचे जुने ठिकाण म्हणजे धुळ्याचे कृषी महाविद्यालय (स्थापना १९६०). राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ मध्ये स्थापन झाल्यावर ते त्याच्या कक्षेत आले.

शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलाला धार काढणे नवे नसते. अडचण होते ती घरच्या सवयीची. अंगठा मुडपून सड ओढायची खोड पुष्कळांच्या हातात असते आणि तिने सडाला इजा होते. म्हणून यंत्राआधी पूर्ण मुठीची पद्धत घोटून घ्यावी लागते. गाय पान्हवली की नाही, हे हाताला कळले पाहिजे. यंत्राला ते कळत नाही.

जुन्या बादली पद्धतीच्या यंत्रात निर्वात पंप (हवा ओढून घेणारा), दाबमापक, पल्सेटर (ओढीला ठोका देणारा भाग), झाकणबंद बादली आणि चार कपांचा क्लॉ (चारही कपांचे दूध एकत्र आणणारा जोड) असे भाग असतात. प्रत्येक कपात रबरी लायनर, म्हणजे सडाभोवती बसणारी लवचीक नळी, असतो. यंत्र सड पिळत नाही. साधारण ४२ ते ५० किलोपास्कल निर्वातामुळे दूध बाहेर येते, तर पल्सेटर मिनिटाला साठच्या आसपास वेळा लायनर उघडतो-मिटतो. उघडला की दूध वाहते, मिटला की सडातले रक्त पुन्हा फिरते. ही उघडझाप थांबून नुसती ओढ राहिली, तर सड सुजतो. कपात अंगठा घालून हा ठोका अनुभवला, की फळ्यावरच्या आकृतीपेक्षा लवकर समजते.

प्रात्यक्षिकाचा क्रम ठरलेला असतो : कास धुऊन कोरडी करायची, पहिल्या धारा काळ्या कपात घेऊन गुठळ्या दिसतात का पाहायचे (कासदाहाची ही सर्वांत स्वस्त तपासणी), मग कप चढवायचे. पान्हा आणणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचा प्रभाव पाच-सात मिनिटेच टिकतो, त्यामुळे कास धुऊन गप्पा मारत बसणे परवडत नाही. काढताना आधी निर्वात बंद करायचा, मगच कप सोडवायचे. नवशिका नेमका इथेच चुकतो. कप तसाच ओढतो आणि लाथ खातो.

खानदेशात खरी कसोटी म्हशीची. गाईच्या कासेच्या टाकीत (सडाच्या वरच्या पोकळीत) काही दूध आधीच उतरलेले असते. म्हशीचे बहुतेक दूध वर ग्रंथींतच राहते. तिला पान्हवायला वेळ लागतो, सडाचे तोंडही घट्ट असते. पारडू लावून किंवा समोर सरकीची ढेप ठेवून पान्हा घेण्याची सवय झालेली म्हैस पंपाच्या आवाजाने दूध चोरते. त्यामानाने पहिलारू संकरित गाय यंत्राला लवकर रुळते. गीर, होल्स्टीन व जर्सी यांच्या संकरातून राहुरीला तयार झालेली ‘फुले त्रिवेणी’ ही गाय या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना परिचयाची.

एक-दोन जनावरांच्या गोठ्यात यंत्र धुण्यातच धारेइतका वेळ जातो. आधी थंड किंवा कोमट पाणी, मग सोड्याचे गरम पाणी. उलट केले तर दुधाची प्रथिने रबराला चिकटून बसतात. त्यात ऐन धारेच्या वेळी वीज गेली, तर अर्धी कास हातानेच रिकामी करावी लागते. मूठ पद्धत अभ्यासक्रमात टिकली, याला हेही एक कारण.