न मिटणाऱ्या सुरीची पाच हजार वर्षं

१९९१ साली आल्प्समधल्या ऑट्झटाल डोंगररांगेत बर्फ वितळला आणि साधारण ५,३०० वर्षं तिथे पडून असलेला एक माणूस वर आला. ओट्झी या नावाने तो आता जगाला माहीत आहे. त्याच्या सामानात एक छोटी, न मिटणारी, म्हणजे पातं मुठीत दुमडता न येणारी सुरी होती. चकमकीच्या दगडाचं पातं, ॲशच्या लाकडाची मूठ, सगळी मिळून लांबी जेमतेम १३ सेंटिमीटर. लिंडेन झाडाच्या सालीचे धागे विणून केलेलं म्यान होतं. याच्या जोडीला जाड पेन्सिलीसारखी दिसणारी एक वस्तू होती, तिच्याकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष जात नाही. लाकडी दांडी आणि तिच्यात ठोकून बसवलेलं शिंगाचं टोक. हे टोक दाबून पात्याच्या काठाच्या बारीक कपच्या उडवायच्या, की धार पुन्हा ताजी. २०१८ मध्ये त्याच्या हत्यारांचा बारकाईने अभ्यास झाला, तेव्हा दिसलं की ती पुन्हा पुन्हा धार काढून जवळजवळ संपत आली होती. सुरीचं टोकही तुटलेलं होतं.

सुरी, म्यान आणि धार लावायचं साधन. आज डोंगरात जाणारा माणूस याच तीन गोष्टी बरोबर घेतो. आपण बोलतो मात्र पहिलीबद्दलच.

एके काळी कमरेला सुरी असणं यात विशेष काहीच नव्हतं. मध्ययुगीन युरोपात लोक जेवायलाही आपापली सुरी घेऊन जात. मिटणारे चाकू तेव्हाही होते, पण रोजची खरी सोबत म्यानातल्या सुरीचीच. पुढे जेवणाच्या टेबलावर सुऱ्या-काटे मांडले जाऊ लागले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६९ मध्ये टेबलावरच्या टोकदार सुऱ्यांवर बंदी घातली. शहरी माणसाची कंबर मोकळी झाली आणि खिशात मिटणारा चाकू आला. न मिटणारी सुरी उरली ती शिकारी, खलाशी, गुराखी, लाकूडतोडे यांच्याकडे.

त्यातही उत्तर युरोपातल्या लोकांनी ती सर्वांत शहाणपणाने सांभाळली असं माझं मत आहे. फिनलंडची पूक्को किंवा स्वीडनमधल्या मोरा गावाची सुरी हातात घेतली तर पहिल्यांदा निराशाच होते. पातं १० सेंटिमीटरच्या आसपास, जाडी काही मिलिमीटरच, मूठ साधी लाकडी. मोराच्या जुन्या पद्धतीत मधे कडक पोलादाचा पातळ थर आणि दोन्ही बाजूंना मऊ लोखंड असे. त्यामागे लोहाराची जुनीच अडचण होती. लाल तापवून पाणी दिलेलं पोलाद कडक होतं, धार धरतं, पण काचेसारखं तडकतं. पुन्हा हलकी आच दिली की चिवटपणा येतो आणि त्या बदल्यात थोडा कडकपणा जातो. थर जोडले की दोन्हींतलं थोडं थोडं पदरात पडतं.

या सुऱ्यांचा उतारही साधा असतो. पात्याच्या मध्याजवळून सुरू होऊन थेट धारेपर्यंत एकच सपाट पृष्ठ. धार लावताना कोन मनाने धरावा लागत नाही. ते पृष्ठ दगडावर टेकवायचं आणि घासायचं. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूच्या काठावर धातूचा केसासारखा पदर बोटाला लागतो. तो लागला की बाजू बदलायची आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर उलट्या दिशेने ओढून तो पदर काढून टाकायचा. हे काम लहान मुलाला जमेल अशा बेताने सुरीच घडवली आहे.

अमेरिकेत मात्र आकाराचं वेड लागलं. १८२७ मध्ये मिसिसिपी नदीच्या वाळूच्या पट्ट्यावर झालेल्या मारामारीनंतर तिथे मोठ्या सुरीने लढलेल्या जिम बोवीचं नाव गाजलं आणि त्याच्या नावाच्या भल्यामोठ्या सुऱ्यांची मागणी इतकी वाढली की इंग्लंडमधल्या शेफिल्डचे कारखानदार त्या बनवून तिकडे पाठवू लागले. रानात खरोखर राहणारे लोक याला हसत. रानातल्या भटकंतीवर ‘नेसमक’ या टोपणनावाने लिहिणारे अमेरिकन लेखक जॉर्ज वॉशिंग्टन सिअर्स अंगाने लहानखुरे. साडेदहा पौंडांची होडी घेऊन ते १८८३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅकच्या जंगलात फिरले. फांद्या तोडायला छोटी कुऱ्हाड, कापायला पातळ सुरी आणि बारीक कामाला खिशातला चाकू, अशी त्यांची वाटणी. रानातल्या मुक्कामावर लिहिणारे होरेस केफार्ट यांनीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेच सांगितलं: सुरीने कुऱ्हाडीचं काम करू नये.

ऐकतो कोण? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन मरीन सैनिकांना सात इंची पात्याची, चामड्याच्या चकत्यांच्या मुठीची सुरी मिळाली आणि ‘दणकट म्हणजे मोठी’ ही समजूत घट्ट झाली. ऐंशीच्या दशकात एका गाजलेल्या सिनेमामुळे पोकळ मुठीच्या, करवती पाठीच्या सुऱ्यांची लाट आली. मुठीत काड्यापेटी आणि गळ ठेवायला जागा होती, पण त्या जागेपायी पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा भाग, जेमतेम मुठीच्या तोंडापर्यंतच पोचत असे. स्वस्त नकला नेमक्या तिथेच मोडत.

याच्या बऱ्याच आधी, १९५३ च्या सुमारास, जहाजावर नोकरी करणाऱ्या आणि पुढे सुऱ्या घडवणारा म्हणून नावाजलेल्या अमेरिकन बॉब लव्हलेसला हवी ती सुरी दुकानात मिळेना, म्हणून त्याने मोटारीच्या जुन्या स्प्रिंगपासून स्वतःच बनवली. त्याची पुढची कामं पाहिली तर आजच्या चांगल्या सुरीच्या खुणा तिथेच सापडतात: पाठ हळूच उतरत जाऊन टोक मधल्या रेषेवर, पातं मुठीच्या शेवटापर्यंत अखंड, हातभर नव्हे तर हातात मावेल अशी लांबी. सत्तरच्या दशकात त्याने १५४सीएम हे न गंजणारं पोलाद सुऱ्यांसाठी रूढ केलं.

न गंजणारं पोलाद तेव्हा नवं नव्हतं. शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्येच १२.८ टक्के क्रोमियम घालून ते ओतलं होतं. पण त्यात पोलादाला कडकपणा देणारा कार्बन होता जेमतेम ०.२४ टक्के आणि त्याला आच कशी द्यायची हे कुणाला नीट कळलेलं नव्हतं. त्यामुळे न कापणाऱ्या सुऱ्या काढणारा म्हणून त्याची थट्टाही झाली. म्यानातल्या सुऱ्यांच्या शौकिनांमध्ये ‘स्टेनलेस म्हणजे बोथट’ हा समज अजून आहे. तो आता खरा नाही.

१९७० नंतर वितळलेल्या पोलादाची भुकटी करून ती दाबून पुन्हा एकसंध करण्याची पद्धत आली आणि २००१ मध्ये खास सुऱ्यांसाठी एस३०व्ही हे पोलाद निघालं. त्यात चार टक्के व्हॅनेडियम आहे. व्हॅनेडियमचे कार्बाइड, म्हणजे कार्बनशी जुळून पोलादात तयार होणारे त्याचे कण, नेहमीच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दगडापेक्षा कडक असतात. म्हणजे धार खूप टिकते, पण गेली की जुना दगड तिच्यावर नुसता घसरतो. मग हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. घरी टेबल आहे, निवांत वेळ आहे, तिथे ठीक. पाच दिवसांच्या चालीत ओढ्याकाठच्या गुळगुळीत गोट्यावरही कामचलाऊ धार काढू देणारं साधं कार्बन पोलाद मला जास्त जवळचं वाटतं.

रोज जवळ बाळगायच्या सुऱ्या लहान झाल्या त्याला कायद्याचाही हातभार आहे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या मिटणाऱ्या चाकूला सूट दिली, म्यानातल्या सुरीला मात्र सबळ कारण लागतं. जर्मनीने २००८ मध्ये न मिटणाऱ्या सुरीच्या पात्याला १२ सेंटिमीटरची रेघ आखली. निघण्यापूर्वी जिथे जायचं तिथला नियम पाहावा लागतोच.

म्यानाची गोष्ट मी अनुभवातून शिकलो. कार्बन पोलादाची एक सुरी ट्रेक संपल्यावर पुसून, चामड्याच्या म्यानात घालून कपाटात ठेवली आणि पावसाळाभर विसरलो. चामडं ओल धरतं आणि कमावतानाची रसायनंही त्यात उरलेली असतात. काढली तेव्हा पात्यावर म्यानाच्या शिवणीच्या ओळीतच तांबडे ठिपके उमटलेले होते. वरचा गंज निघाला, खालचे खड्डे राहिले. आता ती सुरी तेलाचा हात देऊन कापडात गुंडाळलेली असते आणि म्यान शेजारी रिकामं पडलेलं असतं.