नवरा न्यू जर्सीत, बायको पुण्यात: घटस्फोटाचा अर्ज टाकायचा कुठे?

माझ्या मावसबहिणीला रात्री साडेअकराला ईमेल आला, सोबत भलीमोठी पीडीएफ. नवऱ्याने तिकडे न्यू जर्सीत घटस्फोटाची केस टाकलेली आणि उत्तर द्यायला 35 दिवस. ही कोथरूडला माहेरी, लग्न झालेलं साताऱ्याला, आणि घरात सगळ्यांचं एकच, "सोड गं, अमेरिकेचं कोर्ट इथे येऊन काय करणार?" तेव्हा जी धावपळ केली त्यातून जे कळलं ते लिहितेय. हे हिंदू विवाह कायद्याखाली झालेल्या लग्नांबद्दल आहे. स्पेशल मॅरेज अ‍ॅक्टची कलमं वेगळी, आणि गोव्यात नोंदलेलं लग्न असेल तर तिथला कायदाच वेगळा, त्यांनी तिथला वकील गाठा.

आधी भारतातलं. 1955 च्या कायद्याचं कलम 19 सांगतं की अर्ज कुठल्या कोर्टात चालेल. लग्न जिथे लागलं तिथे, समोरचा माणूस आत्ता राहतो तिथे, किंवा दोघं शेवटचं एकत्र जिथे राहिलात तिथे. बायको अर्ज करत असेल तर ती सध्या राहते तिथेही टाकता येतो, ही सोय 2003 मध्ये आली आणि माहेरी परत आलेल्या मुलींसाठी हीच सगळ्यात कामाची. नवरा इथे आणि बायको परदेशात असं उलटं असेल तरी अडत नाही, समोरची व्यक्ती भारताबाहेर असेल तर अर्जदार स्वतः राहतो तिथे टाकू शकतो. म्हणजे बहिणीला सातारा पण चालत होतं आणि पुण्याचं शिवाजीनगरचं फॅमिली कोर्ट पण. दोघंही परदेशात असाल तर लग्नाचं ठिकाण धरून इथे येता येतं, पण नागरिकत्व बदललं असेल तर हा कायदा तुम्हाला लागू होतो का हे आधी विचारून घ्या.

परदेशात निकष बहुतेक करून राहण्याचा असतो, लग्न कुठे झालं याच्याशी त्यांना फारसं देणंघेणं नसतं. न्यू जर्सीत साधारण एक वर्ष वास्तव्य लागतं, कॅलिफोर्नियात राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत (म्हणजे तिकडच्या जिल्ह्यात) तीन. इंग्लंडमध्ये 6 एप्रिल 2022 पासून कोणाची चूक दाखवावीच लागत नाही, एकट्याने अर्ज केला तरी चालतो. त्यामुळे तिकडे राहणाऱ्याला वाटतं, इथे पटकन होतंय, उरकून टाकू.

गोची इथेच आहे. 1991 मध्ये सुप्रीम कोर्टाने नरसिंह राव विरुद्ध वेंकट लक्ष्मी या केसमध्ये हेच पाहिलं. लग्न तिरुपतीला झालेलं, नवऱ्याने अमेरिकेत मिसुरीच्या कोर्टातून घटस्फोटाची डिक्री, म्हणजे कोर्टाचा हुकूम, आणली आणि इथे येऊन दुसरं लग्न केलं, मग बायकोने दुसऱ्या लग्नाची फौजदारी तक्रार टाकली आणि ती डिक्री इथे टिकली नाही. कोर्टाने सांगितलं की परदेशी घटस्फोट आपल्याकडे धरायचा तर तुमचं लग्न ज्या कायद्याखाली झालं त्याच कायद्याप्रमाणे त्या कोर्टाला अधिकार हवा आणि कारणही त्यातलंच हवं, किंवा समोरच्याने तिथे आपणहून हजर राहून त्या कारणावर केस लढवलेली हवी, किंवा त्याची संमती हवी. "आमचं आता जमत नाही" हे तिकडे पुरतं, आपल्या कायद्यात ते कारणच नाही. 2023 च्या घटनापीठाच्या निकालाने तेवढ्यावर घटस्फोट देता येतो खरा, पण तो फक्त सुप्रीम कोर्टाला, फॅमिली कोर्टाला नाही.

म्हणून नोटीस आली की दोन चुका होतात. एक म्हणजे गप्प बसणं: तिकडे एकतर्फी निकाल लागतो, आणि तो इथे नाही टिकला तरी तिकडच्या घरावर, खात्यांवर, पोटगीवर चालतोच. दुसरी म्हणजे घाबरून सगळ्या मुद्द्यांवर उत्तर देऊन बसणं, कारण मग "तुम्ही कोर्ट मान्य केलंत" असं म्हणायला जागा होते. फक्त अधिकारक्षेत्रावर हरकत घ्यायला हजर राहिलात तर ते मान्य करणं धरत नाहीत, हे नरसिंह राव निकालातच आहे. बहिणीने हेच केलं, तिकडच्या वकिलाकडून, मुदतीच्या आत. आणि हो, इथे आधी केस टाकली म्हणून तिकडची आपोआप थांबत नाही, 2018 मध्ये फ्लोरिडातली केस थांबवायला सुप्रीम कोर्टाने नकार दिलेला आहे.

माझं मत विचाराल तर लवकर कुठे होईल हे नंतर बघा, आधी बघा की ती डिक्री पुढे कुठे कुठे दाखवायची आहे. इथे परत लग्न करायचंय, इथला फ्लॅट दोघांच्या नावावर आहे, मग इथली डिक्री हवीच. घटस्फोटावर दोघांचं एकमत असेल तर कलम 13 ब, परस्परसंमतीने, सगळ्यात सुटसुटीत: एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, नंतरचे सहा महिने 2017 च्या अमरदीप सिंग निकालामुळे कोर्ट माफ करू शकतं, आणि व्हिडिओ कॉन्फरन्सला किंवा आईवडील-भावंडांनी बाजू मांडायलाही परवानगी मिळू शकते. एकमत नसेल तर परदेशात समन्स बजावायलाच कितीतरी महिने जातात, ती तयारी ठेवा.

कागद: लग्नाचं सर्टिफिकेट (नसेल तर पत्रिका आणि फोटो, पण आधी नोंदणीचं बघा), दोघांचे पासपोर्ट आणि व्हिसाची पानं, तुमचा इथला राहण्याचा पुरावा, समोरच्याचा तिकडचा पक्का पत्ता, शेवटचं एकत्र राहिल्याचं भाडेपत्र, तिकडच्या केसचे सगळे कागद. परदेशातल्या कागदांवर अपॉस्टिल लागतं, म्हणजे कागद खरा असल्याचा तिकडच्या सरकारचा शिक्का, जो एका आंतरराष्ट्रीय करारातले देश एकमेकांचा मानतात. दुबईवाल्यांनो, यूएई त्या करारात नाही, तुम्हाला तिकडचं साक्षांकन आणि भारतीय दूतावास असं जावं लागतं.

शेवटी बहिणीचं संमतीवर आलं, नवऱ्याने भावाच्या नावे मुखत्यारपत्र पाठवलं आणि तिच्या वकिलाने ते फाइलला लावून ठेवलं. परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं हे कोणी बोललंच नाही, ऐंशीव्या दिवशी कोर्टातल्या एका टायपिस्ट काकांनी पाकिटावरची तारीख बघून विचारलं, "ताई, याला स्टँप कुठंय?"