४८ तास थंड, पण कुठल्या उन्हात?

गेल्या मे महिन्यात आईचं इन्सुलिन पुण्याहून पार्सलने मागवलं. थर्माकोलचा पांढरा डबा, झाकणाभोवती चिकटपट्टीचे दोन वेढे आणि बाजूला ठसठशीत अक्षरांत ‘४८ तास थंड’. पुण्याहून निघून तीसच तास झाले होते. उघडून बघतो तर जेलच्या पिशव्यांचं पार पाणी झालेलं, कुपी हाताला कोमट लागली. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. फोनवरचा माणूस मात्र ठाम होता, “डबा सर्टिफाइड आहे, साहेब.”

“किती उन्हात सर्टिफाइड?” मी विचारलं.

“म्हणजे?”

त्याचा दोष नाही. प्रमाणपत्र म्हटलं की आपल्या कोल्हापूरकरांना गुजरी, म्हणजे सराफांची पेठ आठवते. दागिन्यावर ९१६ चा हॉलमार्क असला की विषय संपला, शंभरात ९१.६ भाग सोनं. ते सोनं मेच्या उन्हात फिरलं म्हणून २२ चं १८ कॅरेट होत नाही. शुद्धता हा पदार्थाचा गुण, तो पदार्थाबरोबर जातो. ‘इतके तास थंड राहील’ किंवा ‘दिवसाला इतकेच सेकंद चुकेल’ ही मात्र कामगिरी आहे, आणि कामगिरी परिस्थितीवर ठरते. परिस्थिती न सांगता दिलेला आकडा म्हणजे खेळपट्टी न सांगता सांगितलेली धावसंख्या.

हे मला शिकवलं महाद्वार रोडवरच्या एका घड्याळवाल्या काकांनी. वडिलांचं चावीचं घड्याळ रोज मागे पडतं म्हणून घेऊन गेलो. डोळ्याला भिंग लावून त्यांनी मागचं झाकण उघडलं, झोके घेत वेळ मोजणारं बॅलन्सचं चाक क्षणभर न्याहाळलं आणि विचारलं, “रात्री कसं ठेवता? उताणं का उभं?” मला वाटलं, थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. जुन्या चावीच्या घड्याळात बॅलन्स साधारण सेकंदाला पाच ठोके देतं, म्हणजे दिवसाला ४,३२,०००. तबकडी वर करून ठेवलं की त्याचा आस टोकावर, माणकाच्या खड्यावर टेकून फिरतो आणि घर्षण अगदी कमी होतं. उभं ठेवलं की तोच आस कुशीवर घासतो, झोका लहान होतो. शिवाय चाकाचा तोल कितीही साधला तरी एक बाजू कणभर जड राहतेच. त्यामुळे एकच घड्याळ उताणं एक वेळ दाखवतं, उभं दुसरी.

स्वित्झर्लंडची कोस्क ही संस्था १९७३ पासून घड्याळांना ‘क्रोनोमीटर’ हा अचूकतेचा दर्जा देते, तो नेमका हे गृहीत धरून. आयएसओ ३१५९ या मानकाप्रमाणे प्रत्येक यंत्र १५ दिवस तपासतात. पहिले दहा दिवस २३ अंशांत, पाच स्थितींत, प्रत्येकीत दोन दिवस : तीनदा उभं, एकदा तबकडी वर, एकदा खाली. मग ८, २३ आणि ३८ अंशांत एकेक दिवस. शेवटचे दोन दिवस पुन्हा पहिल्या स्थितीत, गडी मूळ चालीवर येतो का ते बघायला. नेहमीच्या आकाराच्या यंत्राची सरासरी चूक दिवसाला उणे ४ ते अधिक ६ सेकंदांत बसली पाहिजे. पुढे जायला सवलत जास्त का? पुढे असलेल्या घड्याळाने महालक्ष्मी एक्स्प्रेस चुकत नाही, एवढं कारण मला पुरतं.

उष्णता ही घड्याळांची जुनी अडचण. साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सला झुलवणारी बारीक कमान, तापली की तिची लवचीकता बदलते आणि घड्याळ दर अंशाला दिवसाकाठी सुमारे १० सेकंद मागे पडतं. शार्ल एदुआर गिय्योम यांनी निकेल आणि पोलादाचे असे मिश्रधातू शोधले, ज्यांच्यावर उष्णतेचा परिणाम जवळजवळ होत नाही. त्याबद्दल त्यांना १९२० चं भौतिकीचं नोबेल मिळालं. आज क्रोनोमीटरला अंशामागे ०.६ सेकंदापेक्षा जास्त ढळायची मुभा नाही.

डब्याचा शत्रूही उष्णताच. पण डबा ती अडवत नाही, फक्त रेंगाळवतो. थर्माकोल म्हणजे मुख्यतः कोंडलेली हवा. खरी लढाई बर्फ लढतो : एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता गिळतो आणि तोवर स्वतः शून्य अंशावरच राहतो. बर्फ संपला की डब्याच्या हातात काही नाही.

लसीच्या डब्यांबाबत जागतिक आरोग्य संघटनेने म्हणूनच चाचणीतली परिस्थिती आधी बांधली. बाहेर सतत ४३ अंश, आत गोठवलेले आइसपॅक, झाकण लावल्यापासून आतली सगळ्यात गरम जागा १० अंशाला पोहोचेपर्यंतचा वेळ मोजायचा. छोट्या पल्ल्याच्या व्हॅक्सिन कॅरिअरला तो किमान १५ तास हवा. गंमत म्हणजे लसीकरणाला जाताना फ्रीझरमधला आइसपॅक तसाच भरत नाहीत. सिस्टर तो थोडा वेळ बाहेर ठेवतात, कानाशी हलवतात आणि आत पाणी खळखळलं की मगच आत ठेवतात. कारण पेंटाव्हॅलंट, हेपॅटायटिस बी यांसारख्या लसी गोठल्या तरी वाया जातात. इन्सुलिनचंही तेच.

आठवड्याने माझ्या तक्रारीवर मेल आला, सोबत डब्याच्या चाचणीचा कागद. तळाशी बारीक अक्षरांत : ‘बाहेरील तापमान २५ अंश, स्थिर.’ मग मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. आत ५ अंश धरले तर चाचणीत आतबाहेर फरक २० अंशांचा. बंद टेम्पोत मेच्या दुपारी ४३ धरले तर फरक ३८ चा, म्हणजे उष्णता जवळपास दुप्पट वेगाने आत येणार. ४८ गुणिले २०, भागिले ३८ : साधारण २५ तास. रात्रीचा गारवा धरून आणखी थोडे. आमचं पार्सल तीस तासांनी आलं होतं.

पुढचं इन्सुलिन मी राजारामपुरीतल्या औषधाच्या दुकानातून आणलं, त्यांच्या फ्रीजमधून थेट आमच्या थर्मासमध्ये. वडिलांचं घड्याळ रात्री उताणं ठेवतो. आता ते दिवसाला अर्धा मिनिट मागे पडतं, काका म्हणतात ऑइलिंगला आणा.